मोबाइलचे दर, स्पर्धा आणि ट्राय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिचार्ज महागला की तेच प्रश्न नव्याने येतात: सरकार काय करतंय, ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) झोपलंय का, कंपन्यांनी संगनमत केलंय का? बहुतेकांची उत्तरं अर्थशास्त्रात सापडतात, पण ती कोर्टाच्या निकालांत आणि ट्रायच्या जाडजूड कागदपत्रांत विखुरलेली आहेत. ती इथे एका जागी मांडली आहेत. जिथे मत माझं आहे, तिथे तसं म्हटलं आहे.

साबणाच्या बाजाराला वेगळा नियामक लागत नाही, मग मोबाइलला का लागतो?

साबण विकायला प्रतिस्पर्ध्याची मदत लागत नाही. मोबाइल सेवा विकायला लागते. नव्या कंपनीचं सिम घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी जुन्या कंपन्यांच्या ग्राहकांना फोन लावायचे असतात. जुन्यांनी जोडणी दिलीच नाही, किंवा तोकडी दिली, तर ते सिम घेऊन करायचं काय?

५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली तेव्हा हेच घडलं. जिओवरून एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाच्या नंबरांना केलेले कॉल मोठ्या प्रमाणावर लागेनात. दोन नेटवर्क जिथे जोडली जातात त्या जागेला ‘पॉइंट ऑफ इंटरकनेक्शन’ म्हणतात. हे पॉइंट पुरेसे देत नाहीत, असं जिओचं म्हणणं. फुकट कॉलचा असा लोंढा आल्यावर कुठलीही व्यवस्था कोलमडेल, असं समोरच्यांचं. ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्कलमागे (सर्कल म्हणजे परवान्यांसाठी पाडलेला देशाचा एक विभाग) ५० कोटी या हिशोबाने तिघांवर मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. दूरसंचार विभागाने तो लावला २०२१ मध्ये. तोवर व्होडाफोन आणि आयडिया एक होऊन अडचणीतही आल्या होत्या. या धंद्यात उशिरा मिळालेल्या न्यायाने बाजार मूळ जागी येत नाही.

दुसरं कारण स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल सेवा ज्यांवर चालते त्या रेडिओ लहरींचा पट्टा. तो मर्यादित आहे आणि सरकारच्या हातात आहे, म्हणजे बाजारात कोण उतरणार हे मुळातच सरकारी निर्णयावर ठरतं. तिसरं कारण खर्चाचं स्वरूप. टॉवर, फायबर आणि स्पेक्ट्रम यांत हजारो कोटी आधी ओतावे लागतात, पण नेटवर्क रिकामं असेल तेव्हा एक जादा कॉल नेण्याचा खर्च जवळपास काहीच नसतो. असा बाजार आपसूक थोड्या हातांत जातो.

ट्रायचा जन्म १९९७ चा. त्या काळी दूरसंचार विभाग स्वतःच फोनसेवा चालवायचा, परवाने द्यायचा आणि भांडणंही सोडवायचा. खेळाडू आणि पंच एकच असलेल्या त्या बाजारात खासगी पैसा यायला बिचकत होता. बीएसएनएल वेगळी कंपनी झाली ती १ ऑक्टोबर २००० ला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

दूरसंचार विभाग, ट्राय, टीडीसॅट, स्पर्धा आयोग: कोण काय करतं?

परवाने आणि स्पेक्ट्रम विभाग देतो. त्याआधी त्याला ट्रायची शिफारस घ्यावी लागते, पण ती मानलीच पाहिजे असं नाही. दर, इंटरकनेक्शन आणि सेवेचा दर्जा यांवरचे ट्रायचे आदेश मात्र बंधनकारक असतात. त्यांना आव्हान टीडीसॅट या दूरसंचार लवादात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात देता येतं. सर्व उद्योगांत संगनमत, वर्चस्वाचा गैरवापर आणि विलीनीकरण पाहायचं काम स्पर्धा आयोगाचं.

ट्राय आणि स्पर्धा आयोग यांच्या हद्दी एकमेकींत घुसतात. वर सांगितलेल्या इंटरकनेक्शनच्या प्रकरणात आयोगाने चौकशीचा आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये तो रद्द केला. ५ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने मधला रस्ता काढला: परवान्याच्या अटी आणि तांत्रिक बाबी आधी ट्रायने ठरवाव्यात, त्यातून संगनमताचा संशय दिसला तर मग आयोगाने हात घालावा. कायदेशीर दृष्टीने नीटस आहे. पण तक्रारदाराला एकाऐवजी दोन रांगांत उभं राहावं लागतं.

मग रिचार्जचे दर ट्राय ठरवतं का?

नाही. अधिकार आहे, पण ट्राय तो मुद्दाम वापरत नाही. कंपनीने दर स्वतः ठरवायचा आणि लागू केल्यापासून कामकाजाच्या ७ दिवसांत ट्रायला कळवायचा. देशांतर्गत रोमिंगसारख्या मोजक्या गोष्टींवर कमाल दर आहेत, बाकी मोकळीक.

ही मोकळीक बरीच वर्षं ग्राहकाच्या फायद्याची ठरली. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखराम यांना दिल्लीला देशातला पहिला मोबाइल कॉल केला, त्या सुमारास मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास मोजावे लागत आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. डेटाचं बोलायचं तर २०१४ मध्ये एका जीबीमागे कंपन्यांना सरासरी २६९ रुपये मिळत होते. नंतर तो आकडा १० रुपयांच्या आसपास आला. एवढी घसरण कुठल्याही नियामकाच्या आदेशाने झाली नसती. पण ती दहा-बारा कंपन्या असतानाची आणि मग एका नव्या कंपनीच्या घुसखोरीची कमाई होती. खासगी कंपन्या तीन उरल्यावरही तेच सूत्र चालेल असं धरून चालणं मला पटत नाही.

आययूसी म्हणजे काय, आणि ते शून्य झाल्याने कोणाचं भलं झालं?

तुम्ही एका कंपनीच्या नंबरवरून दुसऱ्या कंपनीच्या नंबरला फोन केला, की तो शेवटच्या टप्प्यात दुसरीच्या नेटवर्कवरून जातो. त्याबद्दल पहिलीने दुसरीला मिनिटामागे द्यायचे पैसे म्हणजे ‘इंटरकनेक्शन यूसेज चार्ज’. २००३ पासून कॉल करणाऱ्याने पैसे द्यायचे आणि घेणाऱ्याला फुकट, अशी पद्धत आली. तिच्या पाठोपाठ हा हिशोब आलाच.

दूरसंचाराचं अर्थशास्त्र समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. बाजारात दहा कंपन्या असल्या तरी तुमच्या मावशीला फोन लावायचा तर तो मावशीच्याच कंपनीतून जाणार. गावात शिरायला एकच पूल असावा आणि त्याचा टोल गावानेच ठरवावा, तसा हा प्रकार. सिम घेताना मावशी ‘मला फोन करणाऱ्यांच्या कंपनीला किती पडेल’ याचा विचार करत नाही. त्यामुळे स्पर्धेने हा टोल खाली येत नाही. चिमुकली कंपनीसुद्धा आपल्या ग्राहकांपुरती पूर्ण मक्तेदार असते. म्हणून हा दर नियामकाने ठरवावा यावर जगभरच्या अर्थतज्ज्ञांचं सहसा एकमत असतं. भांडण असतं ते किती, यावर.

भारतात हा दर २००३ मध्ये ३० पैसे होता. २००९ मध्ये २० पैसे झाला, २०१५ मध्ये १४, आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून ६. मग १ जानेवारी २०२० ला शून्य करायचं ठरलं, ते एक वर्ष पुढे ढकललं आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झालं. प्रत्येक पायरीला वाद एकच. कॉल पोचवण्याचा ‘खर्च’ मोजताना नेटवर्कचा सगळा स्थिर खर्च धरायचा, की बाहेरून आलेल्या जादा कॉलमुळे वाढलेला तेवढाच? पहिला हिशोब जुन्या कंपन्यांना हवा होता. त्यांचे टूजी ग्राहक खेडोपाडी होते आणि ते फोन करण्यापेक्षा घेत जास्त. दुसरा जिओला हवा होता. तिच्याकडून बाहेर जाणारे कॉल आत येणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. खर्चाच्या मॉडेलमधला एक खांब हलवला की शेकडो कोटी या खिशातून त्या खिशात जात.

या सहा पैशांनी काय काय केलं, याचा एक मासला. २०१९ मध्ये कंपन्यांनी फोनची घंटा किती वेळ वाजू द्यायची ते कमी करायला सुरुवात केली. जिओने २० सेकंदांवर आणली, मग एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने २५ वर. का? घंटा लवकर थांबली की समोरचा उचलेपर्यंत तो मिस्ड कॉल होतो. मग समोरचा उलटा फोन करतो. कॉल करणारा बदलला की सहा पैसेही उलट्या दिशेने वाहू लागतात. पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येईपर्यंत फोन बंद पडायचा, त्याचं कारण एका नियामक आदेशातल्या आकड्यात होतं. शेवटी ट्रायला मोबाइलची घंटा ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजलीच पाहिजे, असा आदेश काढावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जिओने बाहेरच्या कॉलवर ग्राहकांकडून मिनिटाला ६ पैसे घ्यायला सुरुवात केली आणि तेवढ्याचा डेटा देऊ केला. शून्याची तारीख पुढे ढकलली जाणार, याची हवा लागल्याचा तो परिणाम.

कोणाचं भलं झालं? सुरुवातीला जिओचं, यात शंका नाही. २०१७ च्या कपातीने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाचं उत्पन्न ताबडतोब घटलं. माझ्या मते शून्याची दिशा बरोबर होती, कारण कॉल हळूहळू डेटासारखेच होत चालले होते आणि येणं-जाणं समतोल होत होतं. हा निर्णय ज्या घाईने आणि मग ज्या टाळाटाळीने झाला, ते मात्र बरोबर नव्हतं.

जिओने महिनोन् महिने फुकट सेवा दिली, ती स्पर्धा होती की इतरांना संपवण्याचा डाव?

कायद्याने दिलेलं उत्तर: डाव सिद्ध झाला नाही. प्रतिस्पर्ध्याला घालवण्यासाठी खर्चापेक्षा कमी दर लावणं, म्हणजे प्रिडेटरी प्रायसिंग, हा गुन्हा ठरायला ती कंपनी आधी बाजारात वर्चस्व असलेली असावी लागते. एअरटेलच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जून २०१७ मध्ये सांगितलं, की जिओचा ग्राहकांतला वाटा ७ टक्क्यांच्या आत आहे, मग वर्चस्व कसलं? बाजारात नव्याने येणाऱ्याने सुरुवातीला सवलत देणं स्वाभाविक आहे. तक्रार तिथेच निकालात निघाली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रायने स्वतःची व्याख्या आणली. एखाद्या सर्कलमध्ये ग्राहकांत किंवा महसुलात ३० टक्के वाटा असेल ती कंपनी वजनदार; तिने सरासरी बदलत्या खर्चाखाली (सेवा वाढली की वाढतो तेवढाच खर्च) दर लावले तर सर्कलमागे ५० लाखांपर्यंत दंड. म्हणजे नव्या कंपनीने वाटेल तेवढं खाली जावं, जुनीने तिच्या तोडीस तोड दर दिला तर तिने खुलासा करावा. जुन्या कंपन्या टीडीसॅटमध्ये गेल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्या तरतुदी रद्द झाल्या.

माझं मत दोन्ही निर्णयांपासून थोडं दूर आहे. आयोगाचा तर्क कायद्यात बसतो, पण ‘आजचा ग्राहकांतला वाटा’ हे ताकदीचं माप इथे तोकडं आहे. देशभर पसरलेलं तयार नेटवर्क आणि वर्षानुवर्षं तोटा सोसणारी आईकंपनी पाठीशी असेल, तर पहिल्या दिवशी वाटा शून्य असला तरी ताकद शून्य नसते. ‘सरासरी बदलता खर्च’ ही कसोटीही रिकाम्या नेटवर्कवर फसते. तिथे तो खर्च इतका कमी असतो की जवळजवळ कुठलाही दर कायदेशीर ठरतो. खरा प्रश्न विचारायचा तो पुढचा: इतर गेल्यावर तोटा वसूल करता येईल का, आणि तेव्हा नवा कोणी येऊ शकेल का? २०१७ मध्ये हा प्रश्न कोणी पुरेशा गांभीर्याने तपासला नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या दरयुद्धानेच कोट्यवधी लोकांच्या हातात इंटरनेट आलं, आणि आज दर वाढूनही डेटा २०१६ च्या तुलनेत फार स्वस्त आहे.

आता किती स्पर्धा उरली आहे? ती मोजतात कशी?

एक सोपं माप आहे, हर्फिंडाल-हिर्शमन निर्देशांक. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. २०२४ च्या अखेरीस मोबाइल ग्राहकांचे वाटे पूर्णांकात असे होते: जिओ ४०, एअरटेल ३४, व्होडाफोन आयडिया १८, बीएसएनएल ८. वर्ग १,६००, १,१५६, ३२४ आणि ६४, बेरीज ३,१४४. अमेरिकेतले स्पर्धा अधिकारी १,८०० च्या वरचा बाजार ‘अतिकेंद्रित’ मानतात. महसुलाचे वाटे घेतले तर आकडा आणखी चढतो, कारण छोट्या दोघांना ग्राहकामागे कमी पैसे मिळतात.

पण देशाचा एकच आकडा फसवा असतो. देश २२ सर्कलमध्ये वाटलेला आहे आणि स्पर्धा आयोगही प्रत्येक सर्कल वेगळा बाजार धरतो. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो. मुंबई मात्र नवी मुंबई, कल्याणसह वेगळं सर्कल. आयडियाची मुळंच महाराष्ट्र आणि गुजरातमधली, त्यामुळे तिसरी कंपनी इथे जितकी दिसते तितकी देशात सगळीकडे दिसत नाही. आणि सर्कलच्याही आत जाऊन पाहिलं, तर तालुक्याच्या गावात चार कंपन्या आणि घाटापलीकडच्या वाडीवर एक.

तिसरी कंपनी बुडू द्यायची की वाचवायची?

आधी ती, म्हणजे व्होडाफोन आयडिया, बुडायला कशी आली ते पाहू. १९९९ च्या धोरणाने ठोक परवाना शुल्काऐवजी महसुलातला हिस्सा घ्यायची पद्धत आणली. महसूल म्हणजे काय, यावर पुढे वर्षानुवर्षं खटला चालला: व्याज, भाडं, लाभांश धरायचा की नाही? २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या उचलून धरली. मूळ रक्कम, तिच्यावर व्याज, दंड आणि दंडावर व्याज असं सगळं मिळून विभागाच्या हिशोबाने व्होडाफोन आयडियाकडे ५८,२५४ कोटी आणि एअरटेलकडे ४३,९८० कोटी निघाले. हीच ती एजीआरची, म्हणजे ‘समायोजित एकूण महसुला’वरची थकबाकी. कंपन्यांनी वेळेवर बाजूला ठेवायला हवे होते, हे खरं. ज्या कराराची व्याख्या ठरायला एवढी वर्षं लागतात तो करारच सदोष, हेही तितकंच खरं. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने चार वर्षांची सवड दिली आणि बिगर-दूरसंचार उत्पन्न वगळलं, पण पुढच्या काळापुरतंच.

मग थकबाकीचे शेअर झाले. २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या बदल्यात सरकारकडे सुमारे ३३ टक्के हिस्सा आला, २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींच्या बदल्यात तो ४९ टक्क्यांपर्यंत गेला.

माझं मत: तीन खासगी कंपन्या हा या बाजाराचा तळ आहे. दोनवर गेलो तर दर ‘ठरवण्यासाठी’ कोणाला कोणाशी बोलायचीही गरज उरणार नाही. पण वाचवण्याच्या या पद्धतीने एक जुनं दुखणं परत आणलं आहे. बीएसएनएल सरकारची, व्होडाफोन आयडियात सर्वात मोठा भागधारक सरकार, आणि स्पेक्ट्रमची किंमत, थकबाकीची सवलत, परवान्याच्या अटी ठरवणारंही सरकार. १९९७ मध्ये ज्या कारणासाठी ट्राय आणलं, ते कारण पुन्हा समोर उभं आहे. यावर सल्ला द्यायचाच तर तो असा: हा हिस्सा विकण्याचं वेळापत्रक जाहीर करा, आणि तोवर स्पेक्ट्रमच्या किमतीबाबत ट्रायची शिफारस नाकारायची असेल तर त्याची लेखी कारणं प्रसिद्ध करा.

तिघांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. हे साटंलोटं नाही का?

२७ जून २०२४ ला जिओने वाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने. ३ आणि ४ जुलैपासून वाढ लागू. डिसेंबर २०१९ आणि नोव्हेंबर २०२१ लाही असंच पाठोपाठ झालं होतं. दिसायला संशयास्पद, पण बेकायदा ठरायला आपसात ‘करार’ झाल्याचा पुरावा लागतो. सगळ्यांचे दर सगळ्यांना दिसतात अशा बाजारात एकाने पाऊल टाकलं की बाकीचे न बोलताही मागे जातात. युरोपात अशा कंपन्यांचं ‘सामूहिक वर्चस्व’ मानता येतं. आपल्या स्पर्धा कायद्यात वेगवेगळ्या मालकीच्या कंपन्यांना तसं धरण्याची तरतूद नाही.

त्या जुलैत एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी घडली. दर न वाढवणाऱ्या बीएसएनएलकडे त्या एका महिन्यात सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि खासगी तिघांचे घटले. ग्राहक दराकडे बघतच नाही, हे खोटं ठरलं. काही महिन्यांत ओघ आटला. फोरजी सगळीकडे नसताना स्वस्त पॅक किती दिवस पुरणार?

स्पेक्ट्रमचा लिलाव महाग, म्हणून रिचार्ज महाग?

कंपन्या असं म्हणतात. पाठ्यपुस्तक म्हणतं, नाही. लिलावात एकदा भरलेले पैसे परत येत नाहीत. उद्याचा दर ठरताना कंपनी ग्राहक किती सोसेल आणि समोरचा काय लावेल ते पाहते, काल काय भरलं ते नाही. उलट दर रुपयामागे द्यावं लागणारं परवाना शुल्क किमतीत उतरतं, कारण ते प्रत्येक विक्रीवर पडतं.

पण पाठ्यपुस्तक इथे अर्धवट आहे. कर्जाच्या ओझ्याने कंपन्या बाहेर पडतात, आणि कंपन्या कमी झाल्या की दर चढतात. २०१० मध्ये थ्रीजीच्या लिलावातून ६७,७०० कोटींच्या वर आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या लिलावात बोली लावणाऱ्या कित्येक कंपन्या आज अस्तित्वात नाहीत. राखीव किंमत (लिलावातली किमान बोली) चढी ठेवल्याने होणारं नुकसान ७०० मेगाहर्ट्झने दाखवलं. इमारतींच्या भिंती भेदणारा आणि कमी टॉवरमध्ये लांबवर पोचणारा हा पट्टा २०१६ मध्ये देशभरासाठी मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटींना ठेवला. कोणी हात लावला नाही. २०२१ मध्येही पडून. २०२२ मध्ये किंमत ३,९२७ कोटींवर आणली तेव्हा जिओने १० मेगाहर्ट्झ उचलला, ३९,२७० कोटींना. मधली सहा वर्षं तो हवेत नुसता पडून होता. सोनं पुढच्या वर्षी विकता येतं. न वापरलेल्या स्पेक्ट्रमचं गेलेलं वर्ष कधीच विकता येत नाही.

महिन्याचा पॅक २८ दिवसांचा का?

कारण ३६५ भागिले २८ म्हणजे सुमारे १३. बारा महिन्यांत तेरा रिचार्ज. दर न वाढवता केलेली ही दरवाढ. ग्राहक पॅकची किंमत लक्षात ठेवतो, दिवसाचा दर काढत नाही. २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा पॅक ठेवायला लावलं. असे पॅक आहेत, फक्त ॲपमध्ये खाली खाली सरकवत शोधावे लागतात.

डिसेंबर २०२४ चा आदेश याहून महत्त्वाचा: डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवलाच पाहिजे, आणि विशेष पॅकची वैधता ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजोबांना डेटाचे पैसे का भरायला लावायचे, हा प्रश्न अर्थशास्त्रातल्या ‘गाठोडं बांधून विकण्या’चा आहे. स्पर्धा तीव्र असती तर एखाद्या कंपनीने असा पॅक स्वतःहून आणला असता. आदेश काढावा लागला, यातच बाजाराची प्रकृती कळते.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय खरंच उपयोगी आहे का?

खूप. २० जानेवारी २०११ पासून ती देशभर आहे. ‘PORT’ ही अक्षरं, जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा आणि आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा. त्याच सर्कलमध्ये कामकाजाच्या तीन दिवसांत बदल होतो. बिल थकलेलं नको आणि सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले हवेत. सिम नुकतंच बदललं असेल तर २०२४ च्या दुरुस्तीनुसार सात दिवस थांबावं लागतं, ते फसवणूक टाळण्यासाठी.

कॉल मधेच तुटला तर भरपाई का मिळत नाही?

ट्रायने २०१५ मध्ये ठरवली होती: तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. ११ मे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कॉल तुटण्यात दोष कोणाचा हे न पाहता सरसकट दंड मनमानी ठरतो, हे एक कारण. तेव्हापासून भर आहे तो दर्जाच्या मानकांवर आणि कंपनीवरच्या दंडावर. तो पैसा ग्राहकाकडे येत नाही.

नेटफ्लिक्स, यूट्यूबसारख्यांनी नेटवर्कचा खर्च उचलावा, ही मागणी रास्त आहे का?

माझ्या मते नाही. आययूसीमधला तो पूल आठवा. तुमच्यापर्यंत पोचायचा रस्ता तुमच्या मोबाइल कंपनीच्या ताब्यात असतो. तुम्ही डेटाचे पैसे भरलेले असताना समोरच्याकडूनही वसुली करू दिली, तर जो टोल कॉलसाठी आपण शून्यावर आणला तोच व्हिडिओसाठी पुन्हा बसेल. दक्षिण कोरियात असे नेटवर्क शुल्क घेतलं जातं. ट्विच या प्रसारण सेवेने त्याच खर्चाचं कारण देत फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथलं दुकान बंद केलं. शिवाय मोठ्यांना शुल्क परवडतं, पुण्यातल्या एखाद्या नव्या व्हिडिओ ॲपला नाही.

ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ ला ‘हे ॲप फुकट, बाकी पैसे’ अशा दरभेदावर बंदी घातली आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना भारतात थांबली. त्या वेळचा तर्क इथेही लागू पडतो.

आमच्या वाडीवर एकच टॉवर आहे. स्पर्धेने दुसरा येईल?

बहुधा नाही, आणि येऊही नये. पन्नास घरांसाठी तीन टॉवर उभारणं म्हणजे पैशांची नासाडी. तिथे स्पर्धा टॉवरच्या खाली नाही, टॉवरवर हवी: एकाच नेटवर्कवर सगळ्यांची सिम चालली पाहिजेत. कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के ज्या निधीत जातात, आणि ज्याचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे, त्यातून उभारलेल्या टॉवरवर २०२५ पासून अशी सोय सुरू झाली आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक टॉवरला ही अट पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

उपग्रह इंटरनेट हा दुसरा पर्याय. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचा स्पेक्ट्रम लिलावाशिवाय द्यायची वाट मोकळी केली. दुर्गम भागात त्याचा उपयोग होईल; शहरात दर खाली येतील ही आशा मला फारशी नाही. मार्च २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेल या दोघांनीही स्टारलिंकची सेवा विकण्यासाठी स्पेसएक्सशी करार जाहीर केले, यावरून अंदाज बांधा.

माझी तक्रार ट्रायकडे पाठवू का?

वैयक्तिक तक्रारी ट्राय सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र (तक्रार क्रमांक मागून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका), मग ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. तरी नाही सुटली तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं.

मग सामान्य माणसाने ट्रायला काय पाठवायचं?

मत. कुठलाही मोठा आदेश काढण्याआधी ट्राय सल्लामसलतीचा मसुदा संकेतस्थळावर टाकतं, त्यावर कोणीही लेखी मत पाठवू शकतं. मग इतरांच्या मतांवर प्रतिमत द्यायला मुदत असते, त्यानंतर खुली चर्चा. फ्री बेसिक्सच्या वेळी लाखो ईमेल गेले, पण बहुतेक एकाच साच्यातले. उपयोगी पडतं ते वेगळं. मसुद्यातला प्रश्न क्रमांक लिहा आणि त्याचंच उत्तर द्या. तुमचं सर्कल सांगा. ‘दर परवडत नाहीत’ याऐवजी गेल्या तीन वर्षांत भरलेल्या रिचार्जची रक्कम, वैधतेचे दिवस आणि खरंच वापरलेला डेटा असा तक्ता जोडा. ॲपमध्ये जुन्या रिचार्जची यादी असते, तिथून तो पाच मिनिटांत निघतो. कंपन्या वकील आणि अर्थतज्ज्ञांकडून शंभर पानं लिहून घेतात, त्यात ग्राहकाच्या बाजूचा आकडा सहसा नसतो. अंतिम आदेशाला जोडलेल्या स्पष्टीकरणात ट्रायला आलेल्या मतांची दखल घ्यावी लागते. तिथे आपला मुद्दा शोधा. न कारण देता टाळला असेल, तर टीडीसॅटमध्ये जाणाऱ्या एखाद्या ग्राहक संघटनेला तो कामी येऊ शकतो.